माझ्या वाट्याचे सहा गुण

आमच्या स्वयंपाकघरात मसाल्याच्या कपाटाला आतून एक कागद चिकटवलेला आहे. हळद काढायला दार उघडलं की तो दिसतो. त्यावर सहा चौकोन आहेत आणि प्रत्येक चौकोनात एक आकडा. ताकद, चपळाई, दम, बुद्धी, शहाणपण, छाप. हे माझे गुण. म्हणजे माझे नव्हेत, खेळातल्या माझ्या बाईचे. घरी नवीन कोणी आलं की विचारतं, हा काय डॉक्टरचा रिपोर्ट आहे का. मी म्हणते, तसंच समजा.

आता हा खेळ काय ते आधी सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. हा सोंगट्यांचा खेळ नाही, पत्त्यांचाही नाही. एक जण गोष्ट सांगतं आणि बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होऊन बसतात. डोंगर असतात, भुयारं असतात, राक्षस असतात. गोष्ट सांगणारी म्हणते, "समोर दार आहे, काय करता?" मग कोणी म्हणतं दार फोडते, कोणी म्हणतं आधी वाजवून बघते. जमलं की नाही ते फासा ठरवतो. त्या फाशाला वीस तोंडं असतात. मी पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा मला वाटलं काचेचं बोर आहे.

आमच्याकडे गोष्ट सांगते माझी धाकटी सून. ती पुण्याकडची, संगणकावरची नोकरी घरूनच करते. नंदुरबारला लग्न होऊन आली तेव्हा तिच्या सामानात पुस्तकांची एक पेटी आणि फाशांची एक पिशवी होती. मी म्हटलं, आली बाई जुगार घेऊन. पण पोरगी गुणी निघाली. दर रविवारी दुपारी जेवणं आटोपली की जेवणाच्याच टेबलावर खेळ मांडते. त्या टेबलावर सासू तीच, आणि तिचा शब्द शेवटचा. मला ते मुळीच वाईट वाटत नाही. इतकी वर्षं मी निभावलं, आता दोन तास तिनं निभावावं.

खेळायला माझी नात असायची, मोठ्या मुलाची मुलगी. ती औषधशास्त्राच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला. आणि तिची मैत्रीण. ही मैत्रीण खापर गावाच्याही पुढची, डोंगरातल्या एका खेड्यातली. इथे मुलींच्या वसतिगृहात राहते आणि नातीच्याच वर्गात शिकते. कॉलेजात प्रॅक्टिकलला दोघीदोघींची जोडी असते, तर या दोघी एका जोडीत. माझी नात हुशार आहे, पण तिचं पटकन कोणाशी जुळत नाही. समोरच्याचं वाक्य पुरं होण्याआधी ती उत्तर देते. बालवाडीपासून कॉलेजापर्यंत घरी घेऊन यावी अशी तिला एकच मैत्रीण मिळाली, ती ही. म्हणून मी तिच्यासाठी रविवारी मुद्दाम कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकरी करायची. एकदा भाकरी खाता खाता ती मैत्रीणच मला म्हणाली, "आजी, तुम्ही पण बसा ना. आम्ही दोघीच पडतो." म्हणून मी बसले.

सुनेनं माझ्यापुढे कागद ठेवला. माझ्यासाठी तिनं सगळं मराठीत लिहिलं होतं. म्हणाली, "आई, सत्तावीस गुण आहेत. ते या सहा चौकोनांत वाटायचे. प्रत्येकात आठ आधीच आहेत, त्यावर चढवायला गुण लागतात. तेरापर्यंत पायरीला एक, त्यापुढे दोन, आणि पंधराच्या वर जायचं नाही."

मी टेबलाभोवती पाहिलं. नात, मैत्रीण, सून आणि मी. चार माणसं. चार सक चोवीस, उरले तीन. सोपं होतं. मी माझ्या वाट्याचे सहा घेतले. माझी बाई झाडपाल्याची औषधं देणारी, जखमा बांधणारी. म्हणून शहाणपणाला चार देऊन आठाचे बारा केले, दमाला दोन देऊन दहा. आणि कागद मैत्रिणीकडे सरकवला. "घे माय, आते तुन्हा वाटा."

नातीनं कागद उचलून पाहिला. "आजी, बाकीना एकवीस कोठे गयात?"

"तुम्हनासाठे ऱ्हायनात ना. सहा-सहा घ्या. तीन ऱ्हावू द्या वर, कोनी उनं तर."

सून हसून हसून टेबलावर वाकली. नात म्हणाली, "आजी, ज्यानं त्याले सत्तावीस शेतस."

"मंग पयले सांगाले नको का?"

सून डोळे पुसत म्हणाली, "चुकलं माझं, आई. परत भरा." पण मी नाही भरलं. म्हटलं, इतलामा भागी जाई. खरं सांगायचं तर हसल्या म्हणून जरा राग आला होता, आणि रागाला मी काटकसरीचं लुगडं नेसवलं. त्या वेळी एकच जण हसलं नव्हतं, ती मैत्रीण. ती माझ्या कागदाकडे बराच वेळ बघत होती. मला वाटलं, तिला माझी दया आली.

माझ्या नातीला मात्र या गुणांच्या कागदांचं दुखणंच लागलेलं. राक्षसापेक्षा तिला आकडे आवडायचे. तिच्याकडे एक जाड वही आहे. कोणती तलवार, कोणतं चिलखत, कोणता गुण कितीवर नेला तर फाशावर किती पडावं लागेल, हे सगळं ती त्यात मांडत बसे. तिची बाई योद्धा. ताकद पंधरा, चपळाई पंधरा, दम पंधरा. सत्तावीस संपले. बुद्धी आठ, शहाणपण आठ, छाप आठ.

मी विचारलं, "बुद्धी अन् शहाणपण येगयेगळं कसं काय?"

"बुद्धी म्हणजे पुस्तकनं, आजी. शहाणपण म्हणजे कव्हय चूप बसनं ते समजनं."

"मंग हाई आठनं तुन्हं स्वतःनं दिसस."

ती हसली. राग येत नाही तिला, हा गुण आहे तिचा. मी पुन्हा कागद पाहिला. ही बाई वाचू शकत नाही, कोण खरं बोलतो कोण खोटं ते हिला कळत नाही, आणि चार माणसांत बोलता येत नाही. "असी सून कोनी करी का?"

"आजी, तिले लगीन नही करनं. तिले राक्षस मारना शे."

यात तिचं चुकत होतं असं मी म्हणत नाही. आमचं घर मिरची वाळत घालतात त्या पथारीपासून फार लांब नाही. हिवाळाभर वारा फिरला की आमच्याकडे फासा टाकायच्या आधी शिंक येते. त्या पथारीवर मी उमेदीची बरीच वर्षं देठ खुडले आहेत. तिथे मी शिकले की रंगाची मिरची वेगळी आणि तिखटाची वेगळी. दोन्ही एकीतच हवं असा हट्ट धरला की ना धड रंग मिळतो ना धड तिखट. ज्याला मसाला कळतो तो दोन जातींच्या मिरच्या घेतो. नातही तेच म्हणत होती. एका बाईत सगळं कोंबू नको, एकीनं एकच काम करावं आणि ते असं करावं की बघत राहावं. मला पटायचं.

पण मसाल्यात मिरच्या बोलत नाहीत. टेबलावर माणसं बसलेली असतात.

व्हायचं असं की सून म्हणायची, "पुलावर राक्षस उभा आहे." मी विचारायच्या बेतात असायची की बाबा, जेवलास का, मैत्रीण तोंड उघडायच्या बेतात असायची, तोवर नातीचा फासा पडलेला असायचा आणि राक्षस पुलाखाली. आमच्या दोघींच्या वाट्याला मढं ओलांडून पुढे जाणं. मी त्यातही गंमत मानायची. माझं काय, बसायला खुर्ची आणि बोलायला पोरी मिळाल्या की झालं.

मैत्रिणीची बाई ढोल वाजवणारी होती. या खेळात तसं चालतं. गाणारी-वाजवणारी माणसं आपल्या वाजवण्यानं दुसऱ्याला बळ देतात, शत्रूला भुलवतात. त्याला छाप लागते. मैत्रिणीनं छाप चौदावर नेली होती आणि उरलेले गुण बाकीच्या घरांत थोडे थोडे टाकले होते, पोरांना खाऊ वाटावा तसे. तिची पाळी आली की ती आधी बोटांनी टेबलावर हळूच ठेका धरायची आणि मग सांगायची, माझी बाई काय करते ते. एरवी मान खाली घालून बोलणारी पोर, पण तेवढ्यापुरती मान वर असायची. हे माझ्या लक्षात आलं होतं. नातीच्या लक्षात आलं होतं की तिचा ठेका दहात सहा वेळा फुकट जातो.

एका रविवारी मैत्रिणीची ढोलवाली मरता मरता वाचली. मी पाला बांधला म्हणून वाचली. पुढच्या रविवारी नात आपली वही घेऊन आली आणि खेळ सुरू व्हायच्या आधीच तिनं मैत्रिणीचा कागद ओढला.

"छापेला चौदा? हे वाया चाललेत गं. दोन दिवस बसून मी तुझं नीट मांडलंय. बघ." आणि खोडरबर घेऊन भराभरा खोडायला लागली. "चपळाई पंधरा. शहाणपण चौदा. तू तिरंदाज हो. डोंगरातली आहेस, जंगल माहीत असलेली, धनुष्यबाण. एकदम फिट. माझ्यापेक्षा जास्त मारशील."

सून म्हणाली, "अगं, तिला विचारलंस का?"

"विचारायचं काय, आकडे बघ ना काकू."

मैत्रीण म्हणाली, "बरं."

टेबलावर खोडरबराचा भुसा पडला होता. नातीनं फुंकर मारून तो खाली उडवला. त्या दिवशी मैत्रिणीच्या बाईनं सोडलेला एकही बाण चुकला नाही. भुयार जिंकलं. नात टाळी द्यायला हात पुढे करायची, मैत्रीण टाळी द्यायची. टेबलावर ठेका मात्र वाजला नाही. चहा टाकला होता, तोही न घेता गेली. मी दारापर्यंत गेले तर चप्पल घालता घालता म्हणाली, "येते आजी." पण येते म्हणण्याच्या तऱ्हा असतात, आणि ती न येण्याची होती.

पुढच्या रविवारी मैत्रिणीला प्रॅक्टिकलचं जर्नल पुरं करायचं होतं. त्याच्या पुढच्या रविवारी डोकं दुखत होतं. मग एके दिवशी नात कॉलेजातून आली ती सरळ माझ्याजवळ येऊन ओट्याला टेकून उभी राहिली. मी लसूण सोलत होते. तिनंही चार पाकळ्या सोलल्या आणि मग म्हणाली, "आजी, तिनी सरले अर्ज दिधा. प्रॅक्टिकलनी जोडी बदली द्या म्हने."

"तुले सांगं नही?"

"नही. सरनी सांगं. होळीनी सुट्टी व्हयनी की नवी यादी लावतीन." थोड्या वेळानं म्हणाली, "मी तिन्हं भलंच करं ना, आजी? जिंकनी ना ती?"

मला दुसरंच काही आठवलं होतं आणि ते आठवल्याची लाज वाटत होती.

मी तरुण असताना आमच्या गल्लीत मांडे करण्यात माझा हात धरणारी कोणी नव्हती. आमच्या खानदेशात पुरणपोळी तव्यावर नाही, चुलीवर खापर, म्हणजे मातीचं भांडं, पालथं ठेवून त्यावर करतात, तेच मांडे. पोळी लाटायची, मग दोन्ही हातांवर घेऊन झेलत झेलत कोपरापर्यंत मोठी करायची आणि खापरावर सोडायची. ते दोन बायांचं काम. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आणि कानबाईच्या सणाला मी आणि माझी मोठी जाऊ बसायचो. ती एक करायची, मी एक करायची, आणि जिचे हात रिकामे ती कपाशीच्या पऱ्हाट्यांचा जाळ बघायची. तिचे मांडे जरा जाड व्हायचे. एका आखाजीला पाहुणे गंज आले होते, घर भरून गेलं होतं. तिनं पोळी हातावर घेतली होती आणि मी तिच्या हातावरून ती काढून घेतली. "दे आठे, तुन्हा जाड व्हतस." आणि माझ्या हातावर ती पातळ करून टाकली. सगळ्यांनी वाहवा केली. जाऊ म्हणाली, "कर व माय, तुन्हा हात चांगला शे." त्यानंतर ती दिवसभर जाळच बघत बसली.

पुढच्या आखाजीला ती आलीच नाही. म्हणाली, कंबर धरली आहे. मी एकटी बसले. हातावरचा मांडा झेलू की जाळ सारू? पहिले चार कच्चे, नंतरचे करपलेले. तेव्हा कळलं की माझे पातळ मांडे तिच्या जाळावर उभे होते. पण मला ते तिला जाऊन सांगता आलं नाही. आता ती तिच्या मुलाकडे सुरतेच्या बाजूला असते. बोलणं होतं, लग्नकार्यात भेटतो, एकमेकींना पातळं नेसवतो. खापराची गोष्ट मात्र आम्ही दोघींनी कधी काढली नाही.

हे मी नातीला लसूण सोलता सोलता सांगितलं. ती ऐकून घेत होती आणि, आश्चर्य म्हणजे, मध्ये बोलली नाही. संपल्यावर म्हणाली, "म्हनजे मी कमी व्हाले पाहिजे व्हतं."

मी म्हटलं, "तसं मी नही म्हनं." पण मग कसं, तेही मला नीट सांगता येईना. वयानं शहाणपण वाढतं म्हणतात. माझं बारावरच होतं.

होळीसाठी मैत्रीण गावी जाणार होती. त्याआधीच्या रविवारी नात स्वतः वसतिगृहावर गेली आणि तिला घेऊन आली. काय बोलली कोण जाणे, पण आणली. पोर नेहमीसारखी नम्रपणे बसली, पायरीवर बसल्यासारखी खुर्चीच्या कडेवर. सुनेनं फासे काढले. नातीनं आपला कागद पुढे ठेवला. सगळे पंधरा खोडलेले. शहाणपण बारा, दम दहा, बाकी आठ. अगदी माझ्यासारखा.

"आजीनागत मी बी सहाच लिधात," ती मला म्हणाली, आणि मग मैत्रिणीकडे वळून, "आता मी सगळं मारणार नाही. आणि आजीनं ते तीन बाजूला ठेवले होते ना, येणाऱ्यासाठी, ते पण तू घे."

मैत्रिणीनं कागद पाहिला. मग नातीकडे पाहिलं.

"मी पाहुणी आहे का?"

नात गोंधळली. "तसं नाही गं. तुझ्यासाठीच कमी केलं."

"म्हणजे मुद्दाम हरणार. ते तर अजून वाईट." आवाज चढला नव्हता, पण मान वर होती. "तू माझं खोडलंस. विचारलं नाहीस. डोंगरातली आहेस म्हणालीस, धनुष्यबाण घे. मी पहिलीपासून आश्रमशाळेत आहे. धनुष्य मी पुस्तकातल्या चित्रात पाहिलं. जंगलात मला एकटं सोडलं तर मी रडेन. मला सापाची भीती वाटते."

कोणी हसलं नाही. बाहेर मिरचीचा ट्रक गेला आणि सुनेला शिंक आली.

"होळीला आमच्याकडे सगळ्या गावांचे ढोल येतात," ती म्हणाली. "पण ढोल बापे वाजवतात, बाया नाही. मी मागे उभी राहते आणि हात मांडीवर वाजवते. लहान होते तेव्हापासून. मला सगळे ठेके येतात. इथं वाटलं, या टेबलावर कोण अडवणार आहे." मग थांबून म्हणाली, "तू म्हणालीस, वाया चाललेत."

नातीचं तोंड उघडलं आणि मिटलं. मी तिच्याकडे बघत होते. शहाणपण आठच्या बाईला ते मिटणं किती जड जातं ते मला ठाऊक आहे.

मग मैत्रीण माझ्याकडे वळली. "आणि आजी, तुमचं पण मला आवडलं नव्हतं. त्या दिवशी सगळ्या हसल्या. मला हसू आलं नाही. माझी आई पण असंच करते. सगळ्यांचं झाल्यावर तव्यावर जे उरेल ते. आणि वर म्हणते, मला पुरतं."

इतके दिवस मला वाटत होतं, त्या पोरीला माझी दया आली होती. तिला माझा राग आला होता.

सून उठली. कपाटातून चार कोरे कागद आणले आणि पत्रावळी मांडाव्यात तसे चौघींपुढे मांडले. एक स्वतःपुढेही ठेवला, उगाच. "सगळ्यांनी पहिल्यापासून. जुने रद्द. नियम मी ठरवते ना? ठरवला."

मैत्रिणीनं पेन्सिल घेतली. नातीनं आपले दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले, शाळेत बाई ओरडल्यावर पोरं बसतात तशी बसली. मैत्रीण मोठ्यानं बोलत लिहायला लागली. "छाप पंधरा." नातीची हनुवटी हलली, पण शब्द आला नाही. "नऊ गेले. राहिले अठरा." मैत्रीण थांबली, पेन्सिल दातांत धरली, आणि मग नातीकडे न बघताच म्हणाली, "चपळाई किती ठेवू?"

नातीनं लगेच उत्तर दिलं नाही. मला वाटतं आयुष्यात पहिल्यांदा. "ढोल घेऊन नुसतं उभं राहायचं असेल तर बारा," ती म्हणाली. "वाजवत पळायचं असेल तर चौदा."

"पळायचं आहे."

"मग चौदा."

तिनं चौदा लिहिले. दम तेरा, शहाणपण बारा. शेवटचे दोन तिनं ताकदीला दिले आणि सुनेला समजावलं, "ढोल जड असतो, काकू." मग नातीचा कागद स्वतःच्या हातानं तिच्यापुढे सरकवला. "तू तुझे पंधरा-पंधरा-पंधरा परत लिही. पुढे उभं राहून मार खायला कोणीतरी लागतं मला."

"मार खायला?"

"मग काय, मी खाऊ? मी वाजवणार आहे."

नात हसली आणि हात मांड्यांखालून काढले.

राहिले मी. माझा कागद कोराच होता. मैत्रीण म्हणाली, "आजी, तुमचे सत्तावीस." दम दहा मी तसाच ठेवला. शहाणपण चौदावर नेलं. त्या दिवसानंतर तेवढं तरी वाढलं असावं. छापही चौदावर नेली, कारण बोलण्यानं मी आजवर बरंच काही निभावून नेलं आहे, मग लपवायचं कशाला? चपळाईला तीन, म्हणजे अकरा. गुडघे दुखतात पण खेळातल्या बाईचे नाही. आणि बुद्धीपाशी हात अडखळला. मी चौथी शिकलेली. पुढचं जे वाचलं ते किराण्याच्या पुड्यांचे कागद आणि पोरांची जुनी पुस्तकं. चौथी शिकलेल्या बाईनं बुद्धीला किती द्यावेत? सून दुसरीकडे बघत होती, मुद्दाम. मी तेरा लिहिले. लिहिल्यावर कान गरम झाले, पण खोडले नाहीत.

"चोवीस झाले," नात म्हणाली. "आजी, अजून तीन शेतस."

"ऱ्हावू दे ते."

"परत पाहुणीसाठे?"

"नही."

मैत्रिणीनं माझ्याकडे रोखून पाहिलं. मी सांगितलं, "हे तीन वाया नाहीत पोरी. कोणाला द्यायचे ते मला माहीत आहे, म्हणून ठेवलेत. तुझ्या आईसारखं नाही." तिला पटलं की नाही माहीत नाही. सून म्हणाली नियमात बसत नाही, आणि तसाच राहू दिला कागद.

त्या दिवशी पुलावर पुन्हा राक्षस होता. नात पुढे उभी राहिली आणि थांबली. मैत्रिणीनं टेबलावर ठेका धरला, आधी बोटांनी, मग तळव्यांनी, असा की मीठ-मसाल्याचा डबा नाचायला लागला. फासा पडला चारवर. राक्षस काही भुलला नाही. नातीनं जो मार खाल्ला तो सांगायची सोय नाही. मी पाला बांधून बांधून दमले. पण मैत्रीण वाजवायची थांबली नाही, आणि खुर्चीवर ती पुरती बसली होती, मागे टेकून.

मग ती होळीला गेली. सुट्टीभर नात फोन उचलायची आणि ठेवायची. कॉलेज उघडलं त्या दिवशी मी दुपारपासून दाराशीच काही ना काही काम काढून बसले होते. नात आली, चप्पल काढली, पिशवीतून दोन पांढरे डगले काढले, प्रयोगशाळेत घालतात ते, आणि धुवायला बादलीत टाकले. दोन्हींवर एकाच जांभळ्या औषधाचे डाग होते.

"दोन कसाले?"

"एक तिन्हा शे. मन्हा धक्कानी बाटली सांडनी." बादलीत पाणी सोडत म्हणाली, "अर्ज मांगे लिधा तिनी. पन सांगं, परत मन्हा कागदले हात लावशी तर दुसरा लिखसू."

आखाजी जवळ आली तेव्हा हळद काढताना कागदावरचे ते ठेवलेले तीन आठवले आणि मी जावेला फोन लावला. इकडचं तिकडचं झालं. मग मी म्हटलं, "खापर शे का व तुन्हाकडे?"

तिकडे तिनं कोणाला तरी टीव्ही बंद करायला सांगितलं. मग म्हणाली, "शे. पन मन्हा जाड व्हतस."

"व्हवू दे," मी म्हटलं. "मी जाळ दखसू."